तेलाचा आळ

तुमसर,
१४ नोव्हेंबर १९७६

रुखमिणीबाईस,

'तीर्थस्वरूप' लिहायला हात धजावला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तू मोठी बहीण आहेस, मान्य. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, तेही मान्य. ही दोन वाक्यं आधीच लिहून टाकतो, म्हणजे परसरामला मध्येच थांबून 'मास्तर, बहिणीले असं लिहिते काय?' म्हणायची सोय उरणार नाही.

आणि परसराम, तू पोस्टाची थैली आणि किराणा एकाच ओट्यावर चालवतोस, ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रंही तिथेच वाचून दाखवतोस, हे मला ठाऊक आहे. हे पत्र तिथेच वाच आणि मोठ्याने वाच. ओट्यावर बसलेल्यांना ऐकू जाऊ दे. त्यांचे कान शाबूत आहेत.

परवा गोदाला नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तीन वर्षांची झाली, 'आई' म्हणत नाही, म्हणून नेलं. त्यांनी तिच्या पाठीमागे घंटा वाजवली, झांज वाजवली, शेवटी एक लोखंडी ट्रे धाडकन फरशीवर टाकला. बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून आत डोकावली. माझी मुलगी खिडकीतून एक बकरी बघत होती, ती बघतच राहिली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान ठार बहिरे आहेत. कशाने, ते त्यांना सांगता येईना. ताप आला होता का, कान फुटला होता का, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, तान्ही असताना कानात काही घातलं होतं का?

काय सांगायचं होतं मी त्यांना? की माझ्या बायकोला, सत्यभामेला, आई नाही म्हणून बाळंतपणाला माझी बहीण आली, आणि ही बहीण म्हणजे दिघोरीतली नावाजलेली न्हाऊ घालणारी? की तिने तीन आठवड्यांच्या पोरीच्या दोन्ही कानांत लसूण घालून कढवलेलं जवसाचं तेल ओतलं, आणि मी, डी.एड. झालेला माणूस, दारात उभा राहून कौतुकाने बघत होतो? मी मान खाली घातली. डॉक्टर काय ते समजले.

घरी आल्यावर मी तुला विचारलं. तेव्हा तू काय म्हणालीस ते शब्दशः लिहितो, म्हणजे पुढेमागे नाकारायला नको. 'हाव बापा, माह्याच हातून झालं असन. तेल जास्त तापलं असन त्या दिवशी.' बस्स, एवढंच. तुझ्या डोळ्यांत टिपूसही नव्हता. म्हणून त्याच दुपारी तुझी पेटी एस.टी.च्या टपावर चढवली. सत्यभामा दाराआड रडत होती. तिला सांगितलं, तू कशाला रडतेस, तुझा काय दोष.

पोरगी अडीच वर्षांची होईतो चालत नव्हती, तेव्हाही मी म्हणत होतो की तू तिला कडेवरून खाली ठेवतच नाहीस. अजूनही चालताना झोकांड्या खाते. तीन वर्षं तू माझ्या घरी राहिलीस त्याची ही मिळकत.

मी मराठी शिकवतो. माझ्या वर्गातला मुलगा 'पाणी'ला 'पानी' म्हणाला तर मी त्याला दहादा म्हणायला लावतो. आणि माझ्या घरी माझ्या मुलीला माझा आवाज कसा आहे ते कधी कळणार नाही. यापुढे कोणाच्याही लेकराला हात लावू नकोस. ओट्यावरच्या मंडळींनो, तुम्हीही ऐका आणि आपापल्या घरी सांगा.

जागेश्वर

*

तुमसर,
३ मे १९७९

रुखमिणीबाईस,

तू पाठवलेली लाखोळीची डाळ मिळाली. परत पाठवणार होतो, सत्यभामेने शिजवून टाकली.

पत्र लिहिण्याचं कारण डाळ नाही. तिच्या चुलतबहिणीच्या लग्नाला म्हणून सत्यभामा पोरीला घेऊन तुमच्या बाजूला आली, आणि मला न सांगता आठ दिवस तुझ्याकडे राहिली, हे मला आत्ता कळलं. कोणी सांगितलं नाही. गोदाच्या हातांनी सांगितलं. ती घरी आली ती बोटं नाचवतच. ओठावर आडवं बोट घासलं म्हणजे बाबा, मिशीमुळे. चिमूट तोंडाशी नेली म्हणजे भात. डोक्यावर तांब्या उपडा केल्यासारखं केलं म्हणजे तू. आठ दिवसांत तू तिला शे-दीडशे असे चाळे शिकवलेस. मी तीन वर्षांत तिला 'बा' म्हणायला शिकवलं होतं, तेही ती आता म्हणत नाही. काय गरज? बोट घासलं की काम भागतं.

नागपूरला मुक्या-बहिऱ्यांना शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे मी दर महिन्याला गोदाला नेतो. त्यांनी छातीवर बांधायची यंत्राची डबी दिली आहे, तिची तार कानात जाते. बाईंचं म्हणणं स्पष्ट आहे. मुलाला हातवारे करू दिले की ते बोलायचा कंटाळा करतं. तोंडाकडे बघायला लावा, ओठ ओळखायला शिकवा, हात बंद. मी त्यांच्यासमोर ढोलकी वाजवली तर गोदाने चक्क मान वळवली. म्हणजे थोडंफार कुठेतरी शिल्लक आहे. तुझ्या तेलातून वाचलेलं.

म्हणून लिहितो, की पोरीला तुझ्याकडे पुन्हा पाठवणार नाही. एकदा कान घेतलेस, आता जीभ घेऊ नकोस.

जागेश्वर

*

तुमसर,
२० ऑगस्ट १९८२

रुखमिणीबाईस,

मी लेकीचे हात बांधतो असं तू गावभर सांगतेस म्हणे. लाखनीच्या बाजारात मला एका माणसाने तोंडावर विचारलं. तू सांगितलं नसशील तर दुसरं कोण सांगणार? सत्यभामा घराबाहेर पडत नाही.

हो, बांधतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. रोज सकाळी दोन तास, लुगड्याच्या मऊ पट्टीने, पाठीमागे. मी समोर बसतो, डबी चालू करतो आणि शब्द म्हणतो. तिने माझ्या ओठांकडे बघायचं आणि म्हणायचं. म्हटलं की पट्टी सुटते. आता तिला अकरा शब्द येतात. परक्या माणसाला त्यातले तीन कळतात. पण ओठ ती छान ओळखते. मी नुसते ओठ हलवून 'पाटी आण' म्हटलं तर पाटी आणते. तू शिकवलेल्या शेकडो चाळ्यांपेक्षा माझे अकरा शब्द मला प्यारे आहेत. जगात तिला कोणाशी बोलायचं आहे? तुझ्याशी, की माणसांशी?

सुरुवातीला रडायची. आता रडत नाही. पट्टी घेऊन मी खोलीत आलो की स्वतःच पाठ करून उभी राहते.

हे वाक्य लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलं आहे, राहू दे.

तुझ्याकडे आता कोणी बाळंतीण बोलवायला येत नाही असंही तो बाजारातला माणूस म्हणाला. मी काय करू? मी खोटं काही लिहिलं नव्हतं.

जागेश्वर

*

तुमसर,
९ जुलै १९८७

ती. रुखमाबाईस,

पाच वर्षांनी लिहितो आहे. वर 'ती.' लिहिलं आहे ते बघून परसराम हसला असेल तर हसू दे. आज मी कोणावरही रागावणार नाही.

वर्तमानपत्रात वाचलं की आता ठार बहिऱ्या माणसाच्या कानातही ऑपरेशन करून एक बारीक तार बसवतात. कानाच्या अगदी आत शंखासारखा एक भाग असतो. तिथे ती तार घालायची, बाहेरून कानामागे यंत्र लावायचं, आणि आवाज सरळ मज्जातंतूत जातो. आपल्या नेहमीच्या ऐकण्यासारखं ऐकू येत नाही, पण येतं. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात परदेशातले डॉक्टर येणार आहेत. देशभरातून दहा रोगी निवडणार. मी अर्ज केला, तीन वेळा पत्रं लिहिली, गोदाचे सगळे कागद पाठवले. परवा बोलावणं आलं. वय चौदा आहे, ते जास्त आहे असं म्हणतात, पण ओठ ओळखते हे वाचून तपासायला तयार झाले. म्हणजे माझे दोन तास फुकट गेले नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

वर्तमानपत्रात त्या यंत्राचा फोटो होता. एक पोरगी हसते आहे आणि कानामागची केसांची जागा साफ केलेली आहे. मी गोदाला फोटो दाखवला. मग तिच्याकडे बोट, कानाकडे बोट, आगगाडीचा आवाज तोंडाने, म्हणजे ओठांनी. तिला सगळं समजलं. इतकं समजलं की दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर हिने कात्रीने स्वतःच्या कानामागचे केस कापून ठेवलेले, दोन्ही बाजूंचे. सत्यभामा ओरडली. मी मात्र हसलो. किती वर्षांनी घरात हसलो कोण जाणे. गोदाने तो फोटो कापून आपल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. रोज पेटी उघडून बघते.

जाण्याआधी तुला कळवावं असं वाटलं. तू केलंस ते मी निस्तरतो आहे, एवढंच म्हणायचं होतं. बघ, रागावणार नव्हतो.

जागेश्वर

*

तुमसर,
२८ सप्टेंबर १९८७

ती. रुखमाबाई,

परसराम, हेही पत्र ओट्यावरच वाच. पहिल्यापेक्षा मोठ्याने वाच. आजूबाजूला चार माणसं नसतील तर बोलावून आण. जे अकरा वर्षांपूर्वी मी चारचौघांत लिहिलं ते चारचौघांत मागे घेतो.

बाई, गोदाच्या कानाला तुझ्या तेलाने काहीही झालं नव्हतं.

मुंबईला तिला एका मोठ्या कड्याच्या आत झोपवून डोक्याचे फोटो काढले. कॅट स्कॅन म्हणतात. डोक्याचे पातळ पातळ काप केल्यासारखे फोटो येतात. डॉक्टरीणबाईंनी ते काचेच्या दिव्यावर लावले आणि आधी एका दुसऱ्याच रोग्याचा फोटो दाखवला. म्हणाल्या, मास्तर, हा बघा शंख, गोगलगाईसारखा, अडीच वेढ्यांचा. मग गोदाचा दाखवला. तिथे नुसतं हाड होतं. पांढरं, भरीव. मी म्हटलं, शंख कुठे आहे? त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूचा? त्या म्हणाल्या, तिकडेही नाही.

गर्भ दुसऱ्या महिन्यात असताना हा शंख घडू लागतो म्हणे. गोदाचा घडलाच नाही. कानाचा पडदा धड आहे, त्यामागची बारीक हाडं धड आहेत. तेलाचं मी विचारलं. म्हणाल्या, तेल पडद्यापलीकडे जात नाही, आणि हिचा पडदा तर कोऱ्या कागदासारखा आहे. मग त्यांनी मला विचारलं, ही उशिरा चालायला लागली का? चालताना तोल जातो का? डोळे मिटून उभी केली तर पडते का? मी म्हटलं, हो, हो, हो. माणसाचा तोल सांभाळणारा भागही तिथेच शंखाशेजारी असतो. हिचा तोही नाही. म्हणजे तुझ्या कडेवर बसून ती चालायची थांबली नव्हती.

ज्यांचा शंख आहे पण बिघडला आहे, त्यांच्यासाठी ते ऑपरेशन आहे. तार घालायला जागा लागते, तारेला पकडायला मज्जातंतू लागतो. हिला दोन्ही नाही. त्यांनी अर्जावर एक ओळ लिहिली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. जाता जाता मी छातीवरची डबी दाखवून विचारलं, मग हिच्यातून इतकी वर्षं तिला काय ऐकू येत होतं? डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ऐकू काही येत नसणार. छातीवर हादरे जाणवत असतील. ढोलकीने मान वळवली ती छातीने वळवली होती, बाई. कानाने नाही. आणि मी तिचे हात बांधत होतो.

तुला हवं ते सगळं या पत्रात आहे. वाच, पुन्हा वाचून घे.

आता माझं ऐक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कोणाचाच दोष नाही. असं कसं असेल? पाटीवर अक्षर चुकलं तर ते कोणाच्या तरी हातून चुकलेलं असतं. आपल्या घराण्यात तीन पिढ्यांत बहिरं कोणी नाही. मग परवा मी सत्यभामेला शांतपणे विचारलं, अगदी शांतपणे, की तुझ्या माहेरी कोणी होतं का. दुसऱ्या महिन्यात काय खाल्लंस, काय उचललंस, कुठे पडलीस. अकरा वर्षं मी तिला म्हणत आलो की तुझा काय दोष. आता विचारणं भाग होतं. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि आत गेली. तेव्हापासून बोलत नाही.

ते एक वेळ परवडलं. गोदाचं परवडत नाही. ती रोज पेटी उघडते, तो फोटो बघते, झाकण लावते. तिला वाटतं ऑपरेशन व्हायचं आहे. मी तिच्यासमोर बसून ओठ हलवले, 'नाही होणार.' तिने डोळे मिटून घेतले. तू कधी विचार केला आहेस का, बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्याशी बोलायची काही सोयच उरत नाही? मी खांदे धरून हलवले तरी उघडले नाहीत. परवापासून मी समोर आलो की मिटते. माझ्याजवळ अजूनही तेच अकरा शब्द आहेत आणि त्या अकरांत 'शंख' नाही, 'हाड' नाही, 'जन्मापासून' नाही, 'चुकलो' नाही.

तुझ्या हातांची बोली तिला येते. मला येत नाही. तू ये. भंडाऱ्याला एस.टी. बदल, मी स्टँडवर उभा राहतो. तिला बसवून नीट सांग की काय झालं, आणि बाबांनी सगळे उपाय केले. एवढं कर, मग हवं तर परत जा. तुझ्या नावावरचा आळ मी गावासमोर उतरवला आहे. तू माझ्यासाठी एवढं करायला हवंस.

जागेश्वर

*

दिघोरी,
३ ऑक्टोबर १९८७

मास्तर, नमस्कार. रुखमाबाई जशी बोलून राहिली तसंच लिहून राहिलो. यातला एक शब्द माझा नाही. रागावू नये. परसराम.

जागेश्वर,

तुहं पत्र गुरुवारी आलं. परसराम ओट्यावरच फोडून राहिला होता. तुनं वरतीच लिहिलं होतं, मोठ्यानं वाच म्हनून. दोन ओळी वाचल्या अना मी त्याच्या हातून कागद घेतला. म्हटलं, घरात चाल, दार लोटून घे, मंग वाच. लोकं म्हनत, अवं बाई, आयकू दे ना, चांगलंच लिहिलं असन. म्हटलं, नाई.

काहून, ते सांगतो.

तेल गरम नोतं. मी पहिले माह्या कोपरावर टाको, मंग लेकराच्या कानात. गावातले किती लेकरं या हातानं न्हाऊ घातले, एकाचा कान दुखला नाई. गोदी चार महिन्यांची होती तवाची गोष्ट हाये. माह्या हातून पितळेचा गुंड पडला, चुलीपाशी, पान्यानं भरलेला. पोट्टी पाळन्यात जागी होती. डोळा बी लवला नाई तिचा. मी सत्यभामेकडे पायलं, तिनं माह्याकडे पायलं. मंग आमी दोघी रोज पाहो. तू शाळेत गेला का थाळी वाजवून पाहो, दार आपटून पाहो. दिवाळीपर्यंत आमाले समजलं होतं. सत्यभामेनं माहे पाय धरले. म्हने, बाई, गोदीच्या बाबाले सांगू नोका, मले सोडून देतीन. मले ना माय, ना माहेर. मी कुठी जाऊ?

तू माहा भाऊ होय. तुले मी वाढवलं. तुहा सोभाव मले ठाऊक हाये. काई मोडलं का तुले पहिले हे पायजे का कोनं मोडलं. तो सापडला का मंग तुले जेवन जाते. म्हनून तू नागपूरवरून आला अना विचारलं, तवा मी म्हटलं माह्या हातून झालं. माहं काय जाते? मी विधवा बाई, एकटी. तू मले काढशीन, मी दिघोरीले राहीन. सत्यभामा घरात राहीन, पोट्टीले माय राहीन. मले वाटलं दोन वर्सांत तुहा राग जाईन. अकरा वर्स झाले.

तुहं पहिलं पत्र ओट्यावर वाचलं त्या दिवसापासून मले कोनी बोलावलं नाई. मी रस्त्यानं चालली का नवी बाळंतीन लेकरावर पदर ओढून घेते. माह्या हातचं काम गेलं, मान गेला. मी ते सोसलं. रडली बी, आता सांगून टाकतो. पन कोनापाशी म्हटलं नाई का ते खोटं हाये.

आता तू म्हनतं, बाई, तुह्यावरचा आळ मी उतरवतो. उतरवू नोको. तू माह्या डोक्यावरून उतरवतं अना तिच्या डोक्यावर ठेवतं. कागद हातात घेऊन तुनं पहिलं काम काय केलं? तिच्या माहेरी कोन भयरं होतं, हे विचारलं. डाक्टरीन म्हने कोनाचा दोष नाई, तरी तुले पटत नाई. म्हनून मी दार लोटून घेतलं. गावातले लोकं माह्या तेलाचं बोलतात, बोलू दे. मी म्हातारी झाली. तिचं नाव नाई निघालं पायजे.

दुसरी गोष्ट. तू म्हनतं गोदीले सांगाले ये. गोदीले ठाऊक हाये. मुंबईवरून आले त्याच दिवशी सत्यभामेनं तिले सांगितलं. हातानं. तुले वाटते सत्यभामेले काई येत नाई. तिले सारं येते. तू फाटकाबाहेर गेला का मायलेकी हातानंच बोलत. इतके वर्स. तुही सायकल दिसली का हात खाली. तुनं सकाळी बांधले का ती दुपारी तेच हात तेल लावून चोळे. हात बांधल्याचं बी तिनंच मले कळवलं होतं, मी गावात सांगितलं, ते खरं. मले राहवलं नाई.

आपरेशन होत नाई हे समजलं तवा पोट्टी रडली. मंग मायच्या मांडीवर निजली. सकाळी उठून जेवली. ती पेटी उघडते ते त्या पोरीचं हासनं पायते. तिले आवडते म्हने. ती डोळे मिटते ते त्याच्यासाठी नाई. तुनं चुलीपाशी उभं राहून तिच्या मायले जे विचारलं ते तिनं पायलं. ती दारात होती. तुह्या ओठाकडे पाहून समजून घ्याले तूच शिकवलं ना तिले?

मंगळवारी तू शाळेत गेला तवा दोघी यष्टीत बसल्या. माह्यापाशी हायेत. तू भंडाऱ्याच्या स्टँडवर हुडकत होता असं कळलं. आता हुडकू नोको. हलकं धान कापाले आलं, सत्यभामा माह्यासंगं धानाच्या बांधीत येते. गोदीचा धुऱ्याच्या अरुंद मातीवरून तोल जाते, म्हनून आमी दोघी दोन्हीकडून हात धरतो. मंग बोलता येत नाई, पन बांधीत उतरली का सुटे हात. तवा इतकी बोलते का आमाले कापनं सुचत नाई.

न्यायले येऊ नोको. सत्यभामेचं हेच म्हननं हाये अना माहं बी.

गोदी आता परसरामच्या बाजूले बसून त्याच्या हाताकडे पाहून राहिली. तिले सांगितलं, तुह्या बाबाले पत्र लिहून राहिलो. ती विचारते, बाबा आता घरी कोनाशी बोलत असन?

मी सांगितलं, त्याले लिहिता येते.

रुखमिणी
(अंगठा)